विद्यापीठाच्या दारातली जागा कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत शेतमालाचे भाव, पाणीवाटप, बेरोजगारी असे भारदस्त विषय आहेत. त्यांच्या पंक्तीला विद्यापीठांच्या आवारात अपंग विद्यार्थ्यांच्या वाहनांना जागा मिळण्याचा विषय मी मागून घेतला, तेव्हा संयोजकांपैकी एकदोघांच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मी पाहिले. त्यामागचा आक्षेप मला समजतो. वाहन उभे करण्याची जागा हा वाहनवाल्यांचा प्रश्न. आपला पक्ष एस.टी.च्या रांगेत उभे राहणाऱ्यांचा. मग ही चैनीची चर्चा आपण का करावी? या आक्षेपाला उत्तर देण्यातच माझे निम्मे भाषण खर्च होणार आहे, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

एस.टी. महामंडळ अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते. ही सवलत योग्यच आहे. परंतु सवलत तिकिटाला मिळते, पायरीला मिळत नाही. जमिनीपासून एस.टी.च्या पहिल्या पायरीपर्यंतची उंची, अरुंद दार, आणि आत शिरण्याआधीच सुटणारी गाडी, हे सारे डोळ्यांपुढे आणा. दोन्ही पायांना कॅलिपर लावलेल्या मुलीला उरलेले २५ टक्केही माफ केले तरी ती त्या गाडीत चढू शकत नाही. शहरांतून अलीकडे खालच्या तळाच्या बसगाड्या आल्या, पण थांब्याचा कट्टा आणि गाडीचा तळ यांची गाठ क्वचितच पडते. चालक गाडी रस्त्याच्या मधोमध उभी करतो आणि उतारूंनी धावत यावे अशी त्याची अपेक्षा असते.

मग अशा मुलीचे आईबाप काय करतात? पतपेढीचे कर्ज काढतात, एक स्कूटर घेतात आणि मागे दोन जादा चाके बसवून घेतात. आपल्या जिल्ह्याच्या गावांतून महाविद्यालयात येणारी जी थोडी अपंग मुले दिसतात, त्यांतली बरीचशी अशाच स्कूटरवर येतात. या स्कूटरला चैन म्हणायचे काय? अमर्त्य सेन यांनी १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात 'समता कशाची?' या विषयावर व्याख्यान दिले. त्यात त्यांनी मांडलेला मुद्दा येथे तंतोतंत लागू पडतो. दोन माणसांना सारखे पैसे दिले म्हणून त्या दोघांना सारखे जीवन जगता येते असे नाही. जेथे धडधाकट माणूस बसच्या भाड्यात पोहोचतो, तेथे पोहोचायला अपंग माणसाला कितीतरी अधिक खर्च करावा लागतो. एकीकडे अपंगाचे उत्पन्न बहुधा कमी, आणि दुसरीकडे त्याच उत्पन्नातून तेवढीच हालचाल साधायला लागणारा खर्च जास्त. असा हा दुहेरी फटका आहे. सार्वजनिक वाहतुकीने जे काम करायचे ते केले नाही, म्हणून त्या कुटुंबाने स्वतःच्या खिशातून केलेली ती भरपाई आहे. ज्या मध्यमवर्गीयाने बस सोडून मोटार घेतली त्याच्या निवडीशी तिची तुलना होऊ शकत नाही. त्याला पर्याय होता, हिला नव्हता.

आता ती स्कूटर विद्यापीठाच्या फाटकाशी आली असे समजा. पुढे काय होते?

आपली विद्यापीठे विस्ताराने प्रचंड आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार सुमारे ४११ एकरांचे आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे ८५० एकरांच्या घरात. फाटक, कुलसचिवांची कचेरी, ग्रंथालय, आपला विभाग, वसतिगृह यांमधील अंतरे तरुण पायांनाही दमवणारी. शिवाय 'वाहनमुक्त परिसर' ही कल्पना आता अनेक ठिकाणी रूढ होत आहे. विद्यार्थ्यांनी वाहने फाटकापाशी ठेवावीत आणि आत चालत जावे. झाडी आणि शांतता राखण्याच्या दृष्टीने ही कल्पना मला प्रिय आहे, हे आधी सांगून टाकतो. परंतु तिची अंमलबजावणी पाहा. विद्यार्थ्यांची वाहने फाटकावर थांबतात, अधिकाऱ्यांच्या मोटारी थेट पायरीपर्यंत जातात. नियमाला अपवाद नाही असे नाही. अपवाद आहे, फक्त तो हुद्द्याला आहे, गरजेला नाही. मी अनेक वर्षे ज्या संस्थेत शिकवले तेथे इमारतीच्या प्रवेशदाराशेजारच्या सावलीतल्या सगळ्या जागांवर पदनामांच्या पाट्या होत्या. एम.ए.च्या वर्गातला पोलिओ झालेला एक विद्यार्थी आपली जादा चाकांची स्कूटर मागच्या बाजूला, उपाहारगृहाच्या पलीकडे ठेवून कुबड्यांवर येई. पावसाळ्यात त्याचे पहिले व्याख्यान हमखास बुडे. हजेरीपत्रकावर त्याच्या गैरहजेरीचे कारण लिहायला रकाना नव्हता.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी या प्रश्नाकडे जमिनीच्या वाटपाचा प्रश्न म्हणून पाहतो. प्रवेशदाराजवळची जागा ही दुर्मीळ वस्तू आहे. दुर्मीळ वस्तूचे वाटप कसे करायचे? एक मार्ग किमतीचा: जो जास्त पैसे देईल त्याला जागा. दुसरा मार्ग रांगेचा: जो आधी येईल त्याला. तिसरा हुद्द्याचा, आणि चौथा गरजेचा. आपल्या विद्यापीठांत दारालगतच्या जागेला तिसरा मार्ग लागू आहे आणि उरलेल्या जागेला दुसरा. रांगेचा मार्ग दिसायला फार न्याय्य दिसतो, पण आधी कोण येऊ शकतो? सकाळी उठून कपडे चढवायला, कॅलिपर बांधायला, कोणाची तरी मदत मिळवायला ज्याला तासभर लागतो तो आधी येऊ शकत नाही. किमतीच्या मार्गाचे पुरस्कर्तेही आहेत. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ साली या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. फुकट वाहनतळ फुकट नसतात, त्यांचा खर्च वाहन नसलेल्यांच्याही खिशातून जातो, हे त्यांचे निदान मला मान्य आहे आणि समाजवाद्यांनी ते अवश्य अभ्यासावे. पायी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या शुल्कातून प्राध्यापकाच्या मोटारीला सावली मिळते, हे आपण कधी हिशेबात धरत नाही. परंतु किंमत लावून गरज कळत नाही, ऐपत कळते. म्हणून दारालगतच्या चार जागांपुरता तरी चौथा मार्गच चालेल.

(कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या विद्यापीठात नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या प्राध्यापकांना राखीव जागा मिळते आणि ती तेथे मोठी प्रतिष्ठेची समजली जाते. हुद्द्याचा मोह सर्वत्रच असतो. फरक एवढाच, की त्याच आवारात अपंगांच्या जागाही आखलेल्या आहेत. त्या कशा मिळाल्या ते पुढे सांगतो.)

खर्चाचा मुद्दा निघतोच, तेव्हा तो आकड्यांनी निकालात काढू. राष्ट्रीय इमारत संहितेने सार्वजनिक इमारतीजवळ अपंगांसाठी किमान दोन मोटारींची जागा सांगितली आहे. ती प्रवेशदारापासून ३० मीटरच्या आत असावी आणि प्रत्येक जागेची रुंदी किमान ३.६ मीटर असावी. साध्या मोटारीला अडीच मीटर रुंदी पुरते. म्हणजे जादा लागतात १.१ मीटर. ते कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे, कारण येथेच आपले अभियंते घोटाळा करतात. चाकांची खुर्ची मोटारीच्या बाजूला आणून, दार पूर्ण उघडून, एकातून दुसरीत सरकायला ही पट्टी लागते. नेहमीच्या अडीच मीटरच्या चौकोनात निळ्या रंगाने खुर्चीचे चित्र काढले म्हणजे जागा तयार झाली, असे नाही. शेजारी दुसरी मोटार उभी राहिली की आतला माणूस आत अडकतो. पाच मीटर लांबी धरली तर दोन जागांना मिळून जादा लागते ती ११ चौरस मीटर जमीन. शेकडो एकरांच्या आवारात ११ चौरस मीटर, थोडा रंग, सपाट फरशी आणि एक पाटी. जी विद्यापीठे दीक्षान्त समारंभासाठी मंडप उभारतात त्यांना हे परवडत नाही, असे म्हणणाऱ्याने आपला अर्थसंकल्प आपल्याला दाखवावा.

संहितेतही एक उणीव आहे, आणि तीत वर्गाचा प्रश्न दडला आहे. तिने मोटारीचा विचार केला. आपला विद्यार्थी येतो जादा चाकांच्या स्कूटरवर. ती दुचाकींच्या रांगेत मावत नाही, आणि मोटारींच्या रांगेत लावू गेल्यास रखवालदार हाकलतो. दुचाकींच्या रांगेत कशीबशी घुसवली तर संध्याकाळपर्यंत तिच्या दोन्ही बाजूंना इतक्या मोटारसायकली चिकटून उभ्या राहतात की कुबड्या टेकायला वीतभर जागा उरत नाही. कोणीतरी येऊन त्या हलवेपर्यंत मालकाने उभे राहायचे. तेव्हा आपली मागणी केवळ 'संहितेचे पालन करा' अशी असून भागणार नाही. दुचाकींच्या तळावर, छताखाली, दाराच्या बाजूला, दोन्हीकडे मोकळी पट्टी सोडलेल्या जागा आखा, अशी ती असली पाहिजे. परदेशी नमुन्यावरून उचललेल्या नियमात ही गोष्ट सापडणार नाही, कारण तेथे ही स्कूटर नाही.

कायद्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण तीत एक वाक्यांश फार बोलका आहे. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा झाला. उतार, शौचालये, रस्ते यांच्या तरतुदी त्यात होत्या. पण त्या 'आर्थिक क्षमता आणि विकास यांच्या मर्यादेत' कराव्यात असे तेथेच लिहून ठेवले होते. सरकारी कचेरीच्या हाती असा वाक्यांश देणे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. वीस वर्षे ती मर्यादा पुढे करून उतार टळले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारावर भारताने २००७ साली मान्यतेची मोहोर उमटवली, आणि त्याला अनुसरून २०१६चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याने प्रवेशसुलभतेच्या तरतुदींना लावलेली ही आर्थिक क्षमतेची पळवाट काढून टाकली. त्याच्या १६व्या कलमाने शिक्षणसंस्थांच्या इमारती आणि आवार अपंगांना वापरता येण्याजोगे करण्यास सांगितले, ३२व्या कलमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या, आणि ४५व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारती बदलण्यासाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७मध्ये आले. मुदत जून २०२२मध्ये संपली. प्रथम उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० ते ५ लाख रुपये.

न्यायालयातही हा लढा झाला आहे. दृष्टिहीन राजीव रतुरी यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवर, आणि डिसेबल्ड राइट्स ग्रुपने उच्च शिक्षणसंस्थांसंबंधी केलेल्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी निकाल दिले. एक याचिका, बारा वर्षे! तरीही आदेशांचे पालन झाले नाही, म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच रतुरी प्रकरणात न्यायालयाला पुन्हा बोलावे लागले. कायदा प्रवेशसुलभता बंधनकारक करतो आणि त्याखालचा पंधरावा नियम मात्र केवळ शिफारशींची भाषा वापरतो, या विसंगतीवर बोट ठेवून न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके ठरवण्यास केंद्राला तीन महिने दिले. यातली शिकवण वकिलांपेक्षा कार्यकर्त्यांसाठी मोठी आहे. कायदा संसदेत होतो, पण तो पातळ होतो नियमांत, परिपत्रकांत आणि मोजमापांच्या कोष्टकांत. तेथे आपले कोणी बसलेले नसते.

याच काळात शासनाने 'अपंग' हा शब्द बाजूला सारून 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला. कोणाला तो आवडतो, कोणाला नाही; अपंगांच्या संघटनांतच त्यावर मतभेद आहेत. मी जुना शब्द वापरतो आहे तो सवयीने. ज्यांना तो खटकतो त्यांनी क्षमा करावी. पाटी नव्या शब्दाची लावली आणि जागा मात्र मागच्याच बाजूला ठेवली, तर शब्दाचा वाद घालण्यात वेळ का दवडावा?

आता विरोधकांचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद. 'आम्ही जागा राखून पाहिली, ती रिकामीच राहते. मुले आहेतच किती?' खरे आहे, मुले थोडी आहेत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२०-२१ साली देशात सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत अपंग विद्यार्थी सुमारे ७९ हजार. म्हणजे हजारात दोनही नाहीत. २०११च्या जनगणनेत अपंगांचे लोकसंख्येतील प्रमाण २.२१ टक्के निघाले होते, आणि ती गणनाही सगळ्यांची झाली असे कोणी मानत नाही. कायदा ५ टक्के जागा देतो. या तीन आकड्यांत जे अंतर आहे, त्यात प्रश्नाचे उत्तर आहे. बाजाराला फक्त खिशात पैसा असलेली मागणी दिसते, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. रखवालदारालाही फक्त फाटकापर्यंत पोहोचलेली मागणी दिसते. जी मुलगी बारावीनंतर घरीच बसली, जिने जवळचे म्हणून नको ते महाविद्यालय घेतले, जिने प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर म्हणून विज्ञान सोडले, तिची गणना वाहनतळावर होत नाही. रिकामी जागा हा तिच्या नसण्याचा पुरावा आहे. तिला गरज नसल्याचा नव्हे. अग्निशामक नळकांडे वर्षभर वापरले गेले नाही म्हणून ते कोणी काढून टाकत नाही.

बर्कलीची हकीकत सांगण्याचे मी कबूल केले होते. एड रॉबर्ट्स या तरुणाला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ हालचाल नाही. रात्री श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपावे लागे. १९६२ साली त्याने बर्कलीत प्रवेश मिळवला. वसतिगृहात ते यंत्र ठेवता येईना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्याची राहण्याची सोय केली गेली. त्याच्यामागून आणखी अपंग विद्यार्थी आले, त्यांनी संघटना बांधली, १९७०मध्ये विद्यापीठाकडून स्वतःच चालवलेला मदत-कार्यक्रम मिळवला आणि १९७२मध्ये गावात स्वावलंबी जीवनाचे केंद्र उघडले. पदपथांच्या कडा उतरत्या करून घेण्याची चळवळ याच मंडळींची. जो रॉबर्ट्स नोकरी करूच शकणार नाही असे पुनर्वसन खात्याने एके काळी ठरवले होते, तोच १९७५मध्ये कॅलिफोर्नियाच्या त्या खात्याचा प्रमुख झाला.

यापुढचा भाग आपल्याला अधिक जवळचा. १९७३च्या एका अमेरिकन कायद्याच्या ५०४व्या कलमाने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई केली. विद्यापीठे त्यांत आलीच. परंतु नियमांवर सही होईना. चार वर्षे गेली. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कचेरीत शंभराहून अधिक अपंग स्त्रीपुरुष ठिय्या देऊन बसले. जुडी ह्यूमन त्यांच्या नेत्यांपैकी एक. दूरध्वनी तोडले गेले, तेव्हा बहिऱ्या आंदोलकांनी खिडक्यांतून खुणांच्या भाषेने बाहेरच्यांना निरोप दिले. औषधे, मदतनीस, नीट बिछाना यांवाचून राहणे ज्यांच्या जिवावर बेतू शकत होते अशी ही माणसे होती. त्यांना रोज गरम अन्न कोणी पुरवले? कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाने. यंत्रकामगारांच्या संघटनेने वॉशिंग्टनला गेलेल्या शिष्टमंडळाला मदत केली. २८ एप्रिलला सही झाली. आज तेथील वाहनतळांवर पंचविसांपर्यंत जागा असल्या तरी एक अपंगांसाठी राखावी लागते आणि तिच्या शेजारी पट्टे आखलेली मोकळी वाट सोडावी लागते. हे मोजमाप १९९०च्या कायद्याखालच्या मानकांतून आले, पण त्याची मुळे त्या ठिय्यात आहेत. आपल्याकडे दलितांचे, कामगारांचे आणि अपंगांचे लढे अशा रीतीने एका चुलीवर जेवलेले मला फारसे आठवत नाहीत. डॉ. लोहियांनी विशेष संधीचा सिद्धान्त मांडून स्त्रिया, शूद्र, हरिजन, आदिवासी यांच्यासाठी ६० टक्के वाटा मागितला. त्या यादीत अपंगांसाठी स्वतंत्र ओळ नव्हती. ती ओळ घालण्याचे काम त्यांच्या अनुयायांनी इतक्या वर्षांत करायला हरकत नव्हती.

एक गोष्ट राहिली. अंध विद्यार्थी वाहन चालवत नाही, म्हणून वाहनतळाशी त्याचा संबंध नाही असे वाटेल. उलट सर्वांत जास्त संबंध त्याचाच आहे. पदपथावर त्याच्या पायांना कळावी म्हणून उठावाच्या फरशांची पिवळी पट्टी बसवतात, आणि तिच्यावर आपण मोटारसायकली उभ्या करतो. 'आपण' म्हणजे चळवळीतलेही. मोर्चाच्या दिवशी आपल्या कार्यकर्त्यांच्या गाड्या कोठे लागतात ते आठवा.

तेव्हा करायचे काय? राष्ट्र सेवा दलाच्या आणि विद्यार्थी संघटनेच्या मित्रांना माझी सूचना अशी. एक मोजपट्टी घ्या आणि आपल्या महाविद्यालयाच्या, विद्यापीठाच्या आवारात एक दुपार घालवा. बरोबर एक अपंग विद्यार्थी घ्या. त्याच्याविना केलेली पाहणी निरुपयोगी. दारापासून जागा किती मीटर, रुंदी किती, वाटेत पायरी आहे काय, उताराला एकास बारा हे प्रमाण आहे की घसरगुंडी केली आहे, जादा चाकांची स्कूटर कोठे लागते, पाटी असलेल्या जागेवर प्रत्यक्षात कोणाची मोटार उभी आहे, हे सर्व लिहून काढा. दारालगतच्या पदनामांच्या पाट्याही मोजा. मग माहितीच्या अधिकारात विचारा, की विद्यापीठाने गेल्या पाच वर्षांत या कामावर किती खर्च केला आणि अनुदान आयोगाच्या २०२२च्या प्रवेशसुलभतेसंबंधीच्या मार्गदर्शक तत्त्वांचे काय केले. पदवीधरांतून अधिसभेवर निवडून गेलेले आपले काही सभासद आहेत. वार्षिक अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो. त्यांनी या शीर्षाखाली रक्कम मागावी, आणि प्रश्न मुदतीत लेखी द्यावेत, नाहीतर ते कार्यपत्रिकेवर येत नाहीत. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये या कामासाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला आहे आणि राज्य आयुक्तांची कचेरी पुण्यात आहे. तेथे तक्रार करायची झाली तर मोजमापांचा कागद जोडा, भावनेचा नको. पहिली पाहणी जूनमध्ये, प्रवेश सुरू असताना करावी, कारण कोण आले आणि कोण फाटकावरून परत गेले हे त्याच आठवड्यांत दिसते.